जेल तीन आठवड्यांत जमले, परवानगीत सात महिने गेले

एम. फार्म.च्या प्रबंधासाठी मी योनीमार्गातील बुरशीच्या संसर्गावर क्लोट्रिमाझोल पोहोचवणारे, भरताना पातळ असणारे आणि शरीराच्या उष्णतेने घट्ट होणारे जेल करायला घेतले होते. नेहमीची क्रीम काही वेळाने ओघळून बाहेर येते, कपडे खराब होतात, आणि त्यामुळे अनेक जणी औषधाचा क्रम अर्धवट सोडतात. जेल आत टिकले तर औषधही टिकेल, एवढा साधा विचार त्यामागे होता.

नवी मुंबईतल्या आमच्या महाविद्यालयात हे काम मे महिन्यात सुरू झाले. पोलॉक्सामर ४०७ हा पदार्थ गार पाण्यात विरघळतो आणि तापमान वाढले की त्याच्या रेणूंचे पुंजके एकमेकांना खेटून जेल बनते. वीस टक्क्यांचे द्रावण साधारण २५ अंशांच्या आसपासच घट्ट होते, त्यामुळे पंखा बंद पडलेल्या दुपारी माझे पहिले जेल बाटलीतच थिजले. त्याच कुळातले पोलॉक्सामर १८८ मिसळून ते तापमान ३३ अंशांवर नेले. त्याहून वर नेण्यात धोका होता, कारण योनीमार्गातील स्राव मिसळला की जेल पातळ होऊन हे तापमान आणखी वाढते आणि ३७ अंशांनाही ते घट्ट न होण्याची शक्यता असते. ४.२ सामू (पीएच) असलेल्या कृत्रिम स्रावात मिसळून ही चाचणी आधीच करावी. तीन आठवड्यांत हे सगळे जमले.

मग आली प्राणीप्रयोगांची नैतिक समिती. जेलमुळे योनीमार्गाच्या अस्तराला दाह होतो का, हे पाहण्यासाठी सहा मादी सशांवर दहा दिवसांची चाचणी करायची, असा माझा प्रस्ताव होता. त्यासाठी ‘फॉर्म बी’ भरावा लागतो. तो मी ऑगस्टमध्ये दिला आणि ऑक्टोबरमध्ये परत आला, कारण सीनियरकडून घेतलेल्या प्रतीवर प्राणीप्रयोगांवर देखरेख करणाऱ्या सरकारी समितीचे ‘सीपीसीएसईए’ हे जुने नाव होते आणि आता ते ‘सीसीएसईए’ झाले आहे. एका अक्षराच्या चुकीसाठी दोन महिने! फॉर्म नेहमी संकेतस्थळावरून नव्याने उतरवून घ्यावा, हे तेव्हा मला कोणीच सांगितले नव्हते.

डिसेंबरच्या सभेला शासननियुक्त प्रतिनिधी येऊ शकले नाहीत. त्यांच्याशिवाय कोरम होत नाही, म्हणून सभाच झाली नाही. जानेवारीत चौकशीला गेले तर फाईलच सापडेना. कार्यालयातील काकांना विषयाचे नाव मोठ्याने उच्चारायलाही संकोच वाटत होता, आणि नोंदवहीत त्यांनी ते नाव न लिहिता नुसते ‘लेप, पीजी’ असे लिहून ठेवले होते. त्यामुळे माझा अर्ज त्वचेच्या मलमांच्या गठ्ठ्यात पडून होता. मी शांतपणे म्हटले, “काका, योनीमार्ग हा शब्द पाठ्यपुस्तकात आहे, नोंदवहीतही लिहिता येईल.” शेजारच्या टेबलावरच्या बाई हसल्या आणि त्यांनीच फाईल शोधून काढली. मला मात्र त्या दिवशी हसू आले नाही; ऐरोलीहून रजा मागून आलेली आणखी एक फेरी वाया गेली होती.

फेब्रुवारीत समितीने दोन प्रश्न विचारले: सहाच ससे का, आणि सशांशिवाय दुसरा पर्याय शोधला का? दुसऱ्या प्रश्नावर मी गप्प झाले, कारण तो प्रामाणिकपणे योग्य होता. प्राण्यांऐवजी पर्याय वापरा, त्यांची संख्या कमी करा, त्यांना होणारा त्रास कमी करा, ही तत्त्वे रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी १९५९ मध्येच मांडली आहेत. फक्त हा प्रश्न ऑगस्टमध्ये विचारला असता, तर माझे सत्र वाचले असते.

मार्चमध्ये मी गाईड मॅडमच्या संमतीने प्रस्ताव मागे घेतला आणि फलित कोंबडीच्या अंड्यांवरील चाचणी केली. नवव्या दिवशी कवच काळजीपूर्वक उघडून आतल्या रक्तवाहिन्यांच्या पडद्यावर जेल सोडायचे आणि पाच मिनिटे रक्तस्राव, वाहिन्या विरघळणे किंवा रक्त गोठणे दिसते का ते पाहायचे. तुलनेसाठी एका अंड्यावर ०.९ टक्के मिठाचे पाणी आणि दुसऱ्यावर हमखास दाह करणारे सोडियम हायड्रॉक्साइडचे (०.१ नॉर्मल तीव्रतेचे) द्रावण टाकतात. दुसऱ्यावर लगेच रक्त दिसले, माझ्या जेलवर पाच मिनिटांत काहीही दिसले नाही. घड्याळ थांबवताना माझा हात थरथरत होता, हे कबूल करते. ही प्राथमिक चाचणी आहे. अंड्याचा पडदा म्हणजे योनीमार्गाचे अस्तर नव्हे, आणि परीक्षकांनी हे विचारलेच, तेव्हा ती मर्यादा प्रबंधात आधीच स्पष्ट लिहिलेली असणे उपयोगी पडले.

दुकानातली अंडी फलित नसतात, ती चालत नाहीत. मी पनवेलजवळच्या एका हॅचरीतून आणली आणि लोकलमध्ये अकरानंतरची गाडी धरली, कारण सकाळच्या गर्दीत मांडीवरचा ट्रे नेरूळपर्यंत शाबूत राहणे अशक्य होते. हो, आणि जेल भरण्याआधी सिरिंजसुद्धा फ्रिजमध्ये ठेवा. हे राहिलेच होते सांगायचे. मेमध्ये गरम सिरिंजमध्ये ते अर्ध्यातच अडकते.