पाच-नऊचा डिफेन्समन यादीत कुठे बसवायचा? – माझा अनुभव

सप्टेंबरात आइस हॉकीच्या ड्राफ्टची, म्हणजे क्लबांनी आळीपाळीने तरुण खेळाडू निवडायच्या वार्षिक सोहळ्याची, नवी यादी उघडली की उंचीचा रकाना मी सगळ्यात शेवटी भरतो. क्लबच्या पत्रकावर छापलेली उंची बऱ्याचदा सढळ हाताने लिहिलेली असते, कधी बुटांसकट, कधी आईवडिलांच्या आशेसकट. विसंबायचं ते दोनच मापांवर: एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या सेंट्रल स्काउटिंग विभागाने घेतलेलं, आणि जूनमध्ये बफेलोच्या कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचणी शिबिरात, अनवाणी उभं करून घेतलेलं. पत्रकावरचा पाच-अकरा, म्हणजे पाच फूट अकरा इंच, तिथे पाच-दहा निघाला तर नवल वाटून घेऊ नये.

एनएचएलमधला डिफेन्समन, म्हणजे बचावफळीतला खेळाडू, सरासरीने सहा फूट दोन इंचांच्या आसपास असतो. पाच-अकरा आणि त्याखालचा आला की स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, त्याला लहान म्हणायला लागतात. पण पाच-अकरा आणि पाच-नऊ एकाच पोत्यात भरू नयेत. केल मकार आणि अ‍ॅडम फॉक्स पाच-अकराचे. क्विन ह्यूज पाच-दहाचा. २०१८ मध्ये व्हँकुव्हरने त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं आणि २०२४ मध्ये त्याने सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी जिंकली. पाच-नऊचा हिशेब मात्र निराळा. तिथे जॅरेड स्पर्जन सहाव्या फेरीत गेला आणि टोरी क्रुगला तर ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नाही.

२०१६ चा ड्राफ्ट मी अजूनही संदर्भासाठी समोर ठेवतो. विनिपेगने १८व्या क्रमांकावर सहा फूट सात इंचांचा लोगन स्टॅनली घेतला. सॅम्युअल जिरार ४७वा गेला, फॉक्स ६६वा. पुढे फॉक्सने २०२१ ची नॉरिस जिंकली, जिरारने कोलोराडोबरोबर २०२२ चा स्टॅनले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद. लोगन स्टॅनलीही लीगमध्ये टिकला, त्यामुळे ती निवड पाण्यात गेली असं कुणी म्हणू नये. पण उंचीपोटी क्रमवारीत किती अंतर पडू शकतं, ते या तीन आकड्यांत दिसतं.

यादीत नाव चढवलं की पहिली नोंद जन्मतारखेची. ड्राफ्टच्या वर्षी १५ सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण होणारा मुलगा पात्र ठरतो. ह्यूजचा जन्म १४ ऑक्टोबर १९९९ चा, म्हणून तो २०१७ ऐवजी २०१८ मध्ये आला, तोही मिशिगन विद्यापीठाकडून एक पूर्ण हंगाम खेळून. म्हणजे मोठ्या वयाच्या खेळाडूंसमोर तो कसा टिकतो, याचा पुरावा हातात होता. जून-जुलैमध्ये जन्मलेला पाच-नऊचा मुलगा मात्र अजून वाढत असू शकतो. लेन हटसनने २०२२ मध्ये क्लबांना डॉक्टरांचं पत्रच दाखवलं होतं, की हाडांच्या वयावरून त्याची वाढ बाकी आहे. तरी तो ६२व्या क्रमांकापर्यंत उरला आणि मॉन्ट्रियलला मिळाला. २०२४-२५ मध्ये त्याने ६६ गुण (गोल आणि असिस्ट मिळून) केले, त्यांतले ६० असिस्ट, म्हणजे गोल घडवणारे पास, आणि नवोदिताची कॅल्डर ट्रॉफी घेतली. तरी वाढीच्या आशेवर मी एकही जागा वर सरकवत नाही. आहे त्या उंचीत खेळ बसतो का, एवढंच बघायचं.

आता मुख्य काम. सुरुवातीच्या काळात मी लहान डिफेन्समनचे गुण मोजायचो आणि फसायचो. आता मोजतो ते त्याने केलेले पकचे, म्हणजे रबरी चकतीचे, पाठलाग. समोरचा संघ पक कोपऱ्यात भिरकावतो, डिफेन्समन वळून मागे धावतो आणि फोरचेकर, म्हणजे दबाव टाकायला आलेला समोरचा फॉरवर्ड, त्याच्या पाठीवर येतो. पहिल्या पक-स्पर्शानंतरच्या दोन सेकंदांत पाच-नऊच्या खेळाडूचं भवितव्य ठरतं, कारण उंची आणि वजन आडवं येतं ते तिथेच, गोल-लाइनमागच्या अकरा फुटांच्या पट्टीत.

व्हिडिओ थांबवत थांबवत प्रत्येक पाठलागाला मी चार खुणा करतो. पकपर्यंत पोचण्याआधी त्याने खांद्यावरून मागे किती वेळा पाहिलं? एकदा पाहणारे पुष्कळ. दोनदा पाहणारा, आणि दुसऱ्यांदा पाहून दिशा बदलणारा, विरळा. पकला स्टिक लागली तेव्हा फोरचेकर किती लांब होता, एका स्टिकच्या आत की दोन स्टिकच्या बाहेर? गोलजाळीचा आडोसा त्याने घेतला का? आणि पक शेवटी कसा बाहेर गेला: ताब्यात घेऊन, पास देऊन, मैदानाभोवतीच्या काचेवर आपटून की हरवून? असे पन्नास पाठलाग जमेपर्यंत मत लिहायचं नाही, म्हणजे आठ-दहा सामने बसून बघावे लागतात. त्यातले दोन-तीन तरी बाहेरगावचे हवेत, कारण परक्या मैदानावर यजमान प्रशिक्षकाला खेळाडूंचा शेवटचा बदल करायची मुभा असते आणि तो आपले सर्वांत दांडगे फॉरवर्ड याच मुलासमोर सोडतो.

गफलत होते ती अशी. ज्युनियर लीगमध्ये एकच फोरचेकर अंगावर येतो, दुसरा उशिरा. मुलगा जाळीमागे गिरकी घेऊन त्याला चकवतो, प्रेक्षक खूश, आकडाही छान. व्यावसायिक हॉकीत त्या गिरकीच्या दुसऱ्या टोकाला दुसरा फोरचेकर आधीच उभा असतो. म्हणून फोरचेकर दोन स्टिकच्या बाहेर असताना पक बाहेर काढला, तर ते मी निम्म्याच किमतीचं धरतो. पूर्ण किंमत त्या पासची, जो एका स्पर्शात, धक्का बसण्याआधी, मधल्या पट्ट्यातल्या सेंटरपर्यंत जातो. स्पर्जन इतकी वर्षं टिकला तो याच कौशल्यावर. धक्का लागायच्या आत पक त्याच्याकडे नसतोच.

कबड्डी बघणाऱ्याला हे उलगडून सांगावं लागत नाही. लहान चणीचा बचावपटू चढाईपटूला छातीने रोखत नाही, तो घोट्याची वेळ साधतो.

यानंतर ब्लू लाइनवरचं, म्हणजे बचावाच्या पट्ट्याच्या सीमारेषेवरचं, अंतर. समोरून रश, म्हणजे वेगवान हल्ला, येत असताना लहान डिफेन्समन मागे मागे सरकत राहिला की त्याची आखूड पोच उघडी पडते. नियमाप्रमाणे स्टिकचा दांडा ६३ इंचांपर्यंत चालतो, साडेसहा फूट आणि त्यावरच्या खेळाडूला परवानगीने ६५. पाच-नऊचा मुलगा स्टिक स्केटवर उभं राहून हनुवटीपर्यंत कापतो. काही जण मुद्दाम लांब ठेवतात, पण मग पायाजवळचा पक खेळवताना कोपर अडकतं. तेव्हा पोचेची भरपाई पायांनीच करावी लागते. आपल्या ब्लू लाइनच्या आधीच समोरच्याला गाठायचं आणि त्याला पक भिरकावणं भाग पाडायचं. युरोपातल्या मोठ्या रिंकवरचे सामने बघताना इथे सावध राहायला हवं. तिथे रुंदी ३० मीटर, म्हणजे ९८ फुटांच्या वर, एनएचएलमध्ये ८५. जवळपास १३ फूट कमी झाले की कोपऱ्यातून सुटायची वाट आखडते, पण रश अडवायचं क्षेत्रही तेवढंच कमी होतं. कोणत्या मुलाला या बदलाचा फायदा होईल, हे प्रत्येकाचं वेगळं लिहावं लागतं.

गोलीसमोरची झुंज मी थोडक्यात आटोपतो. शंभर किलोच्या फॉरवर्डला ७३ किलोचा मुलगा हलवू शकत नाही आणि त्याने तसा प्रयत्नही करू नये. शॉट येण्याआधी तो फॉरवर्डच्या पुढे येतो की मागे अडकतो, आणि पक पोचायच्या क्षणी त्याची स्टिक उचलतो का, एवढं बघितलं की पुरे.

गुणांचा रकाना मी आता फोडून लिहितो: पाच विरुद्ध पाचचे वेगळे, पॉवरप्लेचे (समोरचा खेळाडू शिक्षेवर बाहेर असतानाचे) वेगळे. कारण साधं आहे. संघाच्या पॉवरप्लेच्या पहिल्या तुकडीत बहुधा एकच डिफेन्समन असतो. ती जागा मिळाली तर पाच-दहाचा मुलगा तारा होतो. नाही मिळाली तर तो बचावाच्या तिसऱ्या जोडीत बसतो, आणि तिथे प्रशिक्षकाला पेनल्टी किलला, म्हणजे आपला एक खेळाडू कमी असताना, उभा राहणारा दणकट माणूस हवा असतो. एरिक ब्रॅनस्ट्रॉम २०१७ मध्ये व्हेगासने १५व्या क्रमांकावर घेतला. पुढे फॉरवर्ड मार्क स्टोनला आणायच्या सौद्यात तो ओटावाला गेला, तिथे बरेच सामने खेळलाही, पण पहिल्या पॉवरप्लेची जागा काही पक्की झाली नाही. त्याच व्हेगासने २०२३ चा कप जिंकला तेव्हा त्यांच्या बचावफळीतले सहाही जण सहा फूट एक किंवा त्यावरचे होते. दोन लहान डिफेन्समन एका जोडीत ठेवायला प्रशिक्षक सहसा धजत नाहीत. त्यामुळे ज्या संघाकडे असा एक खेळाडू आधीच आहे, त्याच्यासाठी दुसऱ्याची किंमत मी एक फेरी खाली आणतो, मुलगा कितीही आवडला तरी.

शेवटचा रकाना हक्कांच्या मुदतीचा. अनेक वर्षं चालत आलेल्या नियमाने कॅनडाच्या मेजर ज्युनियर लीगमधला मुलगा घेतला की क्लबला त्याच्याशी करार करायला दोनच वर्षं मिळायची, अमेरिकन कॉलेजात जाणाऱ्यासाठी साधारण चार. लहान शरीराला वजन चढायला वेळ लागतो, म्हणून कॉलेजवाल्याला मी अर्धी फेरी वर ठेवत आलो. स्पर्जनचं उदाहरण इथे नेमकं लागू पडतं: न्यूयॉर्क आयलँडर्सनी २००८ मध्ये १५६व्या क्रमांकावर घेतला, दोन वर्षांत करार केला नाही, २०१० मध्ये तो मिनेसोटाच्या कॅम्पला गेला आणि २०२१ मध्ये त्यांचा कर्णधार झाला. कॉलेजची दारं आता मेजर ज्युनियरच्या मुलांनाही उघडली आहेत आणि कराराचे नियमही बदलत आहेत, तेव्हा त्या वर्षीची मुदत तपासूनच हा रकाना भरायचा.

एवढं झालं की किंमत ठरते. पाच-नऊ, पण पाठलाग पक्के आणि पाच विरुद्ध पाचमध्ये गुण असले तर दुसऱ्या फेरीचा शेवट. पाठलाग पक्के पण गुण नाहीत, तर पाचवी-सहावी. गुण भरपूर, पण बहुतेक पॉवरप्लेचे आणि पाठलागात काचेवर आपटणं जास्त, असा मुलगा मी यादीतून काढत नाही. फक्त जिथे बाकीचे त्याला घेतील, तिथे आपण घ्यायचा नाही. पहिली फेरी एका दिवशी आणि बाकी सहा दुसऱ्या दिवशी असतात. त्या मधल्या रात्री उरलेल्या नावांवर पुन्हा हात फिरवताना मी फक्त पाठलागाची पानं उघडतो, हायलाइट अजिबात नाहीत.

सातव्या फेरीनंतरही नाव उरलं, तर ते तसंच पुढच्या सप्टेंबरच्या पानावर उतरवतो. उंचीचा रकाना पुन्हा कोरा.