मुखवट्यांची प्रगती : मेळाव्याच्या दोन दिवसांसाठी वजन, हवा आणि नजर

शनिवार-रविवारच्या फॅन्टसी मेळाव्यासाठी गटाचे सहा मुखवटे ठरले होते. चारांचे कवच वाळून तयार आहे, दोन अजून साच्यावर आहेत. घडण बोहाड्याच्या, म्हणजे आदिवासी गावांतल्या सोंगं-मुखवट्यांच्या उत्सवाच्या, वळणाची असली तरी पात्रं सगळी नवी, कल्पनेतली. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याकडे देवाच्या मुखवट्याची पूजा होते. त्याची नक्कल करून फोटोसाठी मिरवणं बरं नाही, हे सुरुवातीलाच ठरलं.

साचा शाडूचा. तो ओला असतानाच त्यावर पातळ प्लास्टिक ताणायचं, नाहीतर माती सुकून भेगाळते आणि त्या भेगा कागदावर उमटतात. कागदाच्या पट्ट्यांचा पहिला थर नुसत्या पाण्याने, पुढचे सहा खळीने. एक थर वर्तमानपत्राचा, दुसरा खाकी कागदाचा असा आलटूनपालटून घेतला की कुठे जागा सुटली ते लगेच दिसतं. खळ 100 ग्रॅम मैदा आणि 600 मिली पाण्याची. बुकबाइंडर तिच्यात मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात, पण इथे मोरचूद अजिबात नको; विषारी आहे आणि आतल्या बाजूला घाम आणि ओठ लागतात.

नाक, भुवया, गालाचे उंचवटे लगद्याचे. रद्दी 24 तास भिजवून, वाटून, घट्ट पिळायची. 500 ग्रॅम कोरड्या रद्दीला 50 ग्रॅम मेथी, रात्रभर भिजवून वाटलेली. टोपल्या लिंपायची जुनीच रीत, मेथीने लगदा चिवट होतो. एका वेळी 4 मिलीमीटरपेक्षा जाड थर दिला की वरचं आधी सुकतं, आतलं ओलं राहतं आणि तडा जातो. वाळवण सावलीत, पंख्याखाली. गच्चीवरच्या उन्हात हनुवटी आत वळते, मग ती सरळ होत नाही.

शिंगं लगद्याची करूच नयेत. पुढे वजन गेलं की मान तासाभरात बोलायला लागते. 5 मिलीमीटर जाडीचा ईव्हीए फोम (हलका, लवचिक फोम) कापून, कडा तिरप्या करून जोडायचा. कॉन्टॅक्ट अॅडहेसिव्ह दोन्ही कडांना पातळ लावून 10-15 मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की दाबायचं. घाई केली तर आत अडकलेलं द्रावक सांधा उघडतं. काम मोकळ्या हवेत करावं, आणि हे अॅडहेसिव्ह थर्माकोलला लागू देऊ नये, थर्माकोल विरघळतो. रंगाआधी हीटगन हलकी फिरवून फोमचा पृष्ठभाग बंद करायचा, मग पाणी घातलेल्या फेविकॉलचे तीन हात. ऑइलपेंट वाकल्यावर तडकतो, म्हणून अॅक्रिलिक.

वजनाची मर्यादा सगळं धरून 900 ग्रॅम. डोक्याला आधी कापड गुंडाळून त्यावर मुखवटा आवळला की पकड छान बसते, पण सभागृहातल्या उकाड्यात कारखान्यातल्या सेफ्टी हेल्मेटचा आतला पट्टा जास्त सोयीचा वाटतो : चाकी फिरवून घट्ट-सैल होतो आणि कपाळापाशी हवा राहते. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या सेफ्टीच्या दुकानांत विचारावं.

रंगवलेल्या डोळ्यांतून बघायचा हट्ट सोडावा. खरी भोकं नाकपुड्यांत आणि तोंडात, मागून काळी जाळी. तरीही पायाखालची पायरी दिसत नाही, म्हणून प्रत्येक मुखवट्यामागे एक बिनमुखवट्याचा सोबती हवाच. दर 20 मिनिटांनी मुखवटा उतरवायचा, पाणी नळीने नाही, नीट पेल्याने प्यायचं.

साथीचा संबळ (जोडीचं चर्मवाद्य) बंद सभागृहात कानठळ्या बसवतो, तो अंगणातच वाजवायचा. नाशिक ढोलाचा तर विचारच नको!

नेण्यासाठी टोमॅटोचा प्लास्टिक क्रेट उत्तम, तळाला जुनी चादर, एका क्रेटमध्ये एकच मुखवटा, शिंगं वेगळी. उन्हात बंद गाडीत ठेवले तर फोमचे सांधे मऊ पडतात. बाकी राहिलंय ते दोन कवचांचं रंगकाम आणि दुरुस्तीची पिशवी : अॅडहेसिव्हची छोटी ट्यूब, खाकी कागदाच्या पट्ट्या, सुतळी, मोठी सुई, काळा आणि गेरूचा रंग.