कोलायत ते फलोदी, सायकलवरचा दुसरा दिवस

सकाळी सातला कोलायत सोडलं तेव्हा हँडलवरची बोटं जाणवत नव्हती एवढी थंडी, जानेवारीतलं राजस्थानचं थर वाळवंट म्हणजे वाळूपेक्षा आधी गारठाच भेटतो. आज फलोदी गाठायचं होतं, शंभराच्या वर किलोमीटर, पण वारा पाठीमागून होता त्यामुळे पहिले दोन तास मस्त गेले.

वाळवंटात शेती म्हणजे दोन-चार हिरवे ठिपके असतील असं वाटलेलं. इथे एका बाजूला वाळूचा धोरा आणि त्याला लागूनच पिवळीधमक मोहरी, मधेमधे खेजड्या. खेजडी म्हणजे आपली शमी. हिवाळ्यात पाल्यासाठी छाटतात म्हणून सगळ्या नुसत्या खोडांच्या उभ्या होत्या, पण पेरणीसाठी एकही तोडलेली दिसली नाही, नांगर तिला वळसा घालून गेलेला दिसतो.

एका शेताजवळ मागचं टायर बसलं. सराटा! काढून बघितला तर अगदी आपल्या बांधावरचा, तीच दोन शिंगं. ट्यूब बदलत बसले तर शेतातून एक बाबा आले, राम राम सा म्हणाले आणि चहाला घेऊनच गेले.

त्यांच्या शेतात प्लास्टिक अंथरलेलं शेततळं होतं, इकडे डिग्गी म्हणतात. कालव्याचं पाणी बारीने येतं, बारी रात्रीची असली तरी उठून डिग्गी भरून घ्यायची, मग मोटर लावून स्प्रिंकलर. इंदिरा गांधी कालव्याचं पाणी पंजाबात हरिकेहून निघतं, सतलज-बियासचं, पण ही बाजू उंच म्हणून पंपाने वर चढवावं लागतं. बाबा बोलता बोलता पाइप उचलून पुढच्या पट्ट्यात नेत होते, अनवाणी, त्या थंड चिखलात, आणि जॉइंट बसला की टाचेने दाबून बघत होते.

माझं आजोळ सांगली जिल्ह्यातलं आटपाडी. टेंभू उपसा योजनेचं पाणी यायच्या आधी मामाच्या डाळिंबाला टँकरने पाणी घातलेलं मी पाहिलंय, आणि आता कृष्णेचं पाणी असंच टप्प्याटप्प्याने चढून येतं तेव्हा मामा पाळीच्या रात्री झोपत नाही. जॉइंट टाचेनेच दाबतो तो. मला एकदम भरून आलं, बाबांना हिंदीत सांगायला गेले तर नीट सांगताच येईना, पण ते म्हणाले पानी वाला आदमी सब जगह एक जैसा, आणि बाजरीची रोटी, वर गूळ-तूप हातावर ठेवलं.

त्यानंतर बाप नावाच्या गावापर्यंत कंटाळवाणा हायवे, ट्रक, उघडं माळरान. संध्याकाळी सहाला फलोदी, मांड्या पार संपलेल्या.

रात्री मामाला फोन केला, सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न, "बारी किती दिवसांनी येते गं त्यांची?" तेवढंच विचारायचं राहिलं होतं. उद्या पोखरणच्या वाटेवर कुणी भेटलं की आधी हेच विचारणार आहे.