तुम्ही विचारलंत म्हणून: भरती आणि नकार

"ताई, भाच्याला पहाटे लष्कर भरतीच्या सरावाला पाठवता आणि त्या लष्करात जायला नकार देणाऱ्या कोरियन माणसाचं कौतुक सांगता. हे कसं काय?" ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीत हे इतक्यांदा विचारून झालंय, की एकदाच लिहून टाकते.

तो माणूस मला रबाळ्याच्या एमआयडीसीत भेटला. मी तिथे एका कोरियन कंपनीत दुभाषी होते. जेवणाच्या सुट्टीत आमच्या फोरमननं त्याला विचारलं, "तुमच्याकडे सगळ्या पोरांना लष्करात जावंच लागतं ना? तुम्ही कुठे होतात?"

"तुरुंगात," तो म्हणाला. मला वाटलं, माझंच ऐकण्यात चुकलं.

तो यहोवाचा साक्षीदार, म्हणजे शस्त्र न धरणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचा. बंदूक हातात घेणार नाही म्हणाला, दीड वर्षाची शिक्षा झाली. कोरियात १९५० पासून असे १९,०००हून जास्त जण आत गेले. पुढे २८ जून २०१८ला तिथल्या घटनात्मक न्यायालयानं सांगितलं, की अशांना लष्कराऐवजी दुसऱ्या सेवेची वाट न ठेवणारा कायदा घटनेत बसत नाही. २०२०मध्ये ती वाट मिळाली: ३६ महिने, तुरुंगातच राहून तिथली कामं करायची. पायदळातला शिपाई १८ महिन्यांत घरी. आता कैदी म्हणवत नाहीत एवढंच, फाटक तेच!

फोरमनला हे सगळं सांगताना, बरं-वाईट सांगणाऱ्या आतल्या आवाजाला काय म्हणायचं, त्या शब्दावर मी अडले. आपल्या घटनेच्या कलम २५मध्ये त्यासाठी 'सद्सद्विवेकबुद्धी' आहे, पण डबा खाताना तो कोण म्हणणार? मी म्हटलं, "त्याच्या मनाला पटलं नाही." फोरमन म्हणाला, "मनाचं काय, पटवून घ्यायचं असतं."

आपल्याकडे सक्तीची भरती नाही, मग हा विषय कशाला, असंही ऐकते. पण कलम २३ सरकारला सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावायची मुभा देतं. आणि नकार काही परका नाही. १७ ऑक्टोबर १९४०ला पवनारला विनोबा युद्धाविरुद्ध बोलले आणि तुरुंगात गेले. त्यांचं जन्मगाव गागोदे पेण तालुक्यातलं, म्हणजे आमच्या शेजारच्याच जिल्ह्यातलं.

राहिला भाचा. त्याला १६०० मीटर साडेपाच मिनिटांत मारायचे आहेत. वहिनीला त्यानं फौजेत जाणं अजिबात मान्य नाही. तिला मान्य नाही म्हणूनच तो साताऱ्याहून माझ्याकडे येऊन राहिलाय. मी त्याला पाठवत नाही हो, तोच उठतो. मी फक्त चहा टाकते.

त्या कोरियन माणसाची गोष्ट त्यालाही सांगितली. त्यानं एवढंच विचारलं, "आत्या, त्याच्या घरचे काय म्हणाले?"

"वडील त्या पंथाचे नव्हते. तीन महिने बोलले नाहीत त्याच्याशी."

तो बुटाची नाडी बांधत होता. "आईला दोन झाले," म्हणाला, आणि गेला पळायला.