पिसाऱ्याआडचे चार सेकंद

टर्की हा अमेरिकेतला मोठा रानपक्षी. शिकारीला बंदूक घेऊन बसलेल्याला ती चाळीस पावलांवर आली तरी पुरते. धनुष्य घेऊन बसलेल्याला ती बारा-पंधरा पावलांवर यावी लागते, आणि ती तिथे उभी असताना धनुष्य ओढावं लागतं. सगळी गोम इथेच आहे. टर्कीचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. मान जराशी वळवली की तिला चहूकडचं दिसतं, रंगही कळतात. वास मात्र तिला फारसा येत नाही. हरणासाठी बसणारे लोक सतत वाऱ्याची दिशा बघत असतात. टर्कीसाठी बसलं तर वारा कुठूनही वाहो, तुमचा कोपर हलायला नको.

मी अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनला राहते. गेली तीन वर्षं एप्रिल आला की दोन तास गाडी चालवून राज्याच्या पश्चिमेला, व्हर्नन काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) जाते. हिमयुगातला बर्फ या भागावरून सरकलाच नाही, म्हणून इथे अजून उंच कडे, खोल घळी आणि ओकची दाट राई आहे. बाकीचं राज्य बहुतेक सपाट, हे मात्र आपल्या घाटमाथ्यासारखं. माझ्या शेजाऱ्यांच्या भावाची शेती तिथे आहे. शेजारी सत्तरी ओलांडलेले आहेत. समोर मी त्यांना इथल्या पद्धतीने नावानेच हाक मारते, पण मराठीत लिहिताना ते जमत नाही, म्हणून आजोबाच म्हणते.

या राज्यातली शेवटची रानटर्की १८८१ च्या सुमारास दिसल्याची नोंद आहे. जंगलं तोडली गेली, शिकारीला धरबंध नव्हता, आणि पक्षी संपला. पुढे जवळजवळ शंभर वर्षं इथे टर्की नव्हतीच. पाळलेल्या पक्ष्यांची पिल्लं रानात सोडून पाहिली, ती टिकली नाहीत. मग १९७६ मध्ये मिसूरी राज्यातून पकडून आणलेल्या २९ रानटर्की याच व्हर्नन काउंटीत सोडल्या. त्या बदल्यात विस्कॉन्सिनने मिसूरीला रफ्ड ग्राउज नावाचे रानकोंबडे दिले. पैशाचा व्यवहार नाही, पक्ष्याला पक्षी! त्या टर्की टिकल्या, वाढल्या, इथून पकडून दुसऱ्या काउंट्यांत नेऊन सोडल्या गेल्या, आणि १९८३ मध्ये वसंतातली पहिली शिकार खुली झाली. आजोबांनी ऐन तिशीत पहिल्यांदा टर्कीची आरोळी ऐकली. तोवर त्यांच्या वडिलांनीही ती कधी ऐकलेली नव्हती. अशा कामांना पैसा शिकारीच देतात, हे मला आधी माहीत नव्हतं. १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर, आणि पुढे धनुष्यबाणांवरचाही, वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना मिळू लागला. माझ्या धनुष्याच्या किमतीतही तो होता.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषय हळूहळू बंदच झाला, आणि ते योग्यच झालं. पण इथे राईत बसून तोंडाने टर्कीचा आवाज काढताना मला दर वेळी वाशीमकडचे फासेपारधी आठवतात. आमच्या धुऱ्यावर तितर ओरडायला लागलं की त्यांच्यातला एखादा असा आवाज काढायचा की पक्षी उत्तर देत चालत यायचा. लहानपणी तो आवाज ऐकून मला वाटायचं, या माणसाच्या गळ्यात पाखरू आहे. त्यांचं पोट त्याच विद्येवर होतं. इथे हीच विद्या दुकानातून पुठ्ठ्यावर लावलेली विकत मिळते, शिकवायला वर्ग असतात. याचा मला राग येत नाही, पण वाईट वाटतं.

आवाज काढायची साधनं तीन प्रकारची. देवदाराची छोटी पेटी, तिच्या झाकणाला खडू लावून ते कडेवर घासायचं. पाटीच्या दगडाची गोल चकती, तिच्यावर लाकडी काडीने छोटी वर्तुळं काढायची. आणि तोंडात टाळूला चिकटवायचा, घोड्याच्या नालेच्या आकाराचा पातळ रबरी पडदा. पहिली दोन सोपी आहेत, पण त्यांना दोन्ही हात लागतात आणि माझ्या हातात धनुष्य असतं. म्हणून अख्खा हिवाळा मी ऑफिसला जाता-येता गाडीत तोंडातला पडदा घोटला. सुरुवातीला नुसती उलटी यायची. महिन्याभराने पहिला नीट ‘क्यॉक-क्यॉक-क्यॉक’ निघाला.

पण आवाज येणं निम्मंच. खरं तर नर एका जागी उभा राहून आरोळी देतो आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. आपण त्याला उलटं करायला सांगत असतो. तो शंभर पावलांवर येऊन थांबतो, पिसारा फुलवतो आणि वाट बघतो, की आता ये ना तू. अशा वेळी नवखा माणूस आणखी जोरात आवाज काढतो आणि नर तिथेच ठाण मांडतो. आजोबांचं सांगणं एकच: ‘तो उत्तर देतोय ना? मग तू गप्प बस.’ गप्प बसलं की त्याला वाटतं, मादी निघून चालली. मग तो शोधायला येतो.

मागच्या वर्षी तो आलाही होता. मी बाण सोडला आणि तो पिसांतून आरपार गेला. पक्ष्याला काही झालं नाही, गवतात तीन पिसं पडली. फुललेला नर दिसतो केवढा तरी मोठा, पण त्यातला बराचसा भाग नुसता पिसांचा. हृदय आणि फुप्फुसांची जागा माझ्या मुठीएवढी. मी फुगाऱ्याच्या मध्यावर नेम धरला होता. बाण चार बोटं इकडे बसला असता तर पक्षी जखमी होऊन राईत मेला असता आणि आम्हाला सापडलाही नसता. त्या रात्री मला झोप लागली नाही. हिवाळाभर तळघरात खऱ्या आकाराचं चित्र लावून, त्यावर मुठीएवढं वर्तुळ काढून सराव केला. वीसातले वीस बाण आत जाईपर्यंत परवाना घ्यायचा नाही असं ठरवलं होतं.

यंदा मला वसंताचा दुसरा आठवडा मिळाला. हंगामाचे सात-सात दिवसांचे सहा भाग असतात, आणि परवान्यावर भाग व विभाग छापलेला असतो. मारायचा तो नर किंवा छातीवर दाढी असलेला पक्षी. ही दाढी म्हणजे छातीतून लोंबणारा राठ केसांसारखा झुपका.

पहाटे साडेचारला आम्ही तंबूत बसलो. आतून काळा तंबू, अंगात काळे कपडे, चेहऱ्यावर काळा बुरखा. बारा पावलांवर दोन नकली पक्षी: जमिनीला टेकून बसलेली मादी आणि तिच्यामागे वर्षाचा पोरगेला नर, ज्याला इथे जेक म्हणतात. जेकचं तोंड आजोबांनी मुद्दाम तंबूकडे ठेवलं. मोठा नर भांडायला येतो तो जेकच्या तोंडासमोर येऊन उभा राहतो, म्हणजे त्याची पाठ आमच्याकडे. पिसारा फुलवला की त्याचं स्वतःचं डोकं पिसाऱ्याआड जातं. तेवढा वेळ तो आंधळा. धनुष्य ओढायचं ते तेव्हाच.

खालच्या दलदलीत सँडहिल क्रेन, म्हणजे सारसाच्या जातीचे पक्षी, ओरडायला लागले. आजोबांनी तोंडाने घुबडाची हाक दिली आणि कड्यावरच्या ओकमधून लगेच गडगडाट आला. नराला राहवत नाही, मोठा आवाज झाला की तो उत्तर देतो आणि आपली जागा सांगून बसतो. मी तीन वेळा हळू साद घातली. त्याने दोनदा उत्तर दिलं. मग मी गप्प. चाळीस मिनिटं गप्प. पाय बधिर झाले होते.

तो दिसायच्या आधी जाणवला. ‘फ्स्स’ आणि त्यामागून खोल ‘हुम्म’, कानापेक्षा छातीला कळणारा. मग गवताच्या कडेवर डोकं आलं, पांढरं टाळकं, निळे गाल, लालभडक गळा. चोचीवरचं मांस लांबून एका बाजूला लोंबत होतं. पंखांची टोकं जमिनीवर खरखरत तो जेकसमोर आला, वळला, आणि पिसारा पंख्यासारखा उघडला. प्रत्येक पिसाच्या टोकाला तपकिरी पट्टा, त्यावर उगवतीचं ऊन. डोकं गेलं.

मी ओढलं. मनात चारपर्यंत मोजलं. दोरी पूर्ण मागे आली की धनुष्याच्या टोकांना असलेल्या चाकांमुळे भार हलका होतो, धरून बसता येतं. तो हळूहळू आडवा झाला, पिसारा मिटला, मान उंच केली. पंखाच्या मुळाशी, मुठीएवढ्या जागेवर. बाण लागला तसा तो सहा पावलं चालला आणि बसला. पुन्हा उठला नाही.

जवळ जाऊन पाठीवरून हात फिरवला. लांबून काळा दिसणारा पक्षी हातात तांब्याचा, हिरवा, जांभळा होता. आजोबा टोपी काढून थोडा वेळ उभे राहिले, मीही राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंदणी करावी लागते, ती शेतातूनच फोनवर केली. मांड्या रानच्या, चिवट. दोन तास मंद आचेवर काळ्या मसाल्यात शिजवल्या आणि भाकरीबरोबर आजोबांच्या घरी नेल्या. छातीचं मांस त्यांनी त्यांच्या पद्धतीने तळलं. पिसारा पुठ्ठ्यावर टाचून, बुडाला बोरॅक्स चोळून वाळत टाकला आहे.

आजोबांचा परवाना मे महिन्यातला, पाचव्या भागाचा. खांद्यामुळे आता धनुष्य ओढताना तोंडातला पडदाही सांभाळणं जमत नाही, असं ते जेवताना म्हणाले. मग पेटी माझ्यापुढे सरकवली. यंदा साद मी घालायची आणि गप्प कधी बसायचं तेही मीच ठरवायचं.