बँड वर का आलाय?

मी जेनेटिक्स लॅबमध्ये काम करते. एका मुलाची केस दोन वर्षं अडकली होती, चालताना सारखा पडायचा, सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) हजारोंमध्ये, स्नायूच्या बायोप्सीत डिस्ट्रोफिन हे स्नायू टिकवणारं प्रोटीन जवळपास नाहीच, म्हणजे ड्युशेन, स्नायू झिजवणारा आनुवंशिक आजार, आहे हे सगळ्यांना दिसत होतं पण डीएनए रिपोर्ट दरवेळी निगेटिव्ह! डिस्ट्रोफिनच्या जीनमध्ये डिलीशन (तुकडा गळणं) नाही, ड्युप्लिकेशन (तुकडा दुप्पट होणं) नाही, ७९ च्या ७९ एक्झॉन, म्हणजे प्रोटीनची कृती लिहिलेले तुकडे, चोख.

मग बायोप्सीचा उरलेला तुकडा उणे ८० च्या फ्रीजरमध्ये सापडला. म्हटलं आता आरएनए, म्हणजे पेशीने काढलेली जीनची नक्कलच बघूया. आरएनए फार नाजूक असतो, जरा हयगय झाली की गेला, आणि तेवढाच एक तुकडा, त्यामुळे दिवसभर धाकधूक होती. संध्याकाळी तुकडे लांबीनुसार वेगळे करणारं जेल यूव्हीखाली धरलं तर एका लेनमध्ये बँड (तुकड्यांची पट्टी) कंट्रोलच्या, म्हणजे निरोगी नमुन्याच्या, बँडपेक्षा वर, म्हणजे तुकडा लांब. कंटॅमिनेशन असेल म्हणून परत लावलं, परत तेच.

सिक्वेन्स आला तेव्हा कळलं, दोन एक्झॉनच्या मध्ये ९५ अक्षरं घुसलीयेत. इंट्रॉनच्या, म्हणजे एक्झॉनच्या मधल्या भागाच्या, पार आतली, स्प्लायसिंगमध्ये (एक्झॉन जोडताना) कापून टाकायची ती. त्या जागेचा डीएनए वाचला तर फक्त एका ए चा जी झालेला, त्याने नवी जीटी जोडी तयार झाली आणि पेशीने तिथे एक्झॉनचा शेवट धरला. पेशी अक्षरं तीन-तीन करून वाचते आणि ९५ ला ३ ने भाग जात नाही, त्यामुळे पुढचं सगळं वाचन घसरतं आणि प्रोटीन अर्धवट थांबतं. या जीनचा ९९ टक्क्यांहून जास्त भाग इंट्रॉनच आहे आणि आम्ही दोन वर्षं एक्झॉनच चाळत होतो, हे मला अजून खुपतं.

२०१६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं ड्युशेनचं औषध एटेप्लिरसेन एक्झॉन ५१ गाळायला लावतं, त्यातून मिळतं ते आखूड डिस्ट्रोफिन. त्याच वर्षीचं नुसिनर्सेन एसएमए या स्नायू दुबळे करणाऱ्या दुसऱ्या आजारात उलटं करतं, एसएमएन२ जीनचा गळणारा एक्झॉन ७ आत ठेवायला लावतं. या मुलात तर काहीच हरवलेलं नाही, तो घुसखोर तुकडा अँटिसेन्सने (आरएनएला चिकटणाऱ्या छोट्या साखळीने) झाकला तर प्रोटीन अख्खं मिळायला हवं, आणि अशा म्युटेशन्समध्ये पेशींवर हे करून दाखवलेलंही आहे. पण त्याच्या म्युटेशनसाठी तयार औषध नाही, आणि आईने पहिला प्रश्न तोच विचारला. मी खरं तेच सांगितलं. थोडा वेळ त्या गप्प होत्या, मग म्हणाल्या, "मॅडम, माझ्या बहिणीला दिवस गेलेत, तिची तपासणी आता होईल ना?"

होईल. उद्या सकाळी सँपल येतंय, प्रायमर (नेमकी ती जागा वाचायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) मी आजच काढून ठेवलेत.