कागजीपुऱ्याचा कागद, निळी छपाई आणि दखनी ओळी: वहीची प्रगती

मंडळी, वही निम्म्याच्या पुढे सरकली आहे. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. डाव्या पानावर दखनेतल्या सूफी आणि संत कवींची एखादी ओळ, बोरूने लिहिलेली. उजव्या पानावर मराठवाड्यातल्या दर्ग्यांत, मशिदीच्या अंगणात किंवा घरात मी काढलेला फोटो, सायनोटाइपच्या, म्हणजे रसायन लावलेल्या कागदावर उन्हात होणाऱ्या निळ्या छपाईत. एकाही फोटोत ओळखू येईल असा चेहरा नाही. दुवा मागणारा माणूस त्या वेळी माझ्यासाठी बसलेला नसतो, म्हणून मी हात, पाठ, पायऱ्या, कामं टिपते. या बंधनामुळे काही हातचं गेलं असं मला एकदाही वाटलेलं नाही.

आधी कागद, कारण गेल्या वेळी सगळे प्रश्न त्यावरच आले होते. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना वाटेत कागजीपुरा लागतं. मुहम्मद तुघलकाने 1327 च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली, तिच्याबरोबर कागद करणारी घराणी इकडे आली आणि इथेच राहिली, असं गावात सांगतात. चिंध्यांचा लगदा करून हाताने उचललेला हा कागद. कुराणाच्या हस्तलिखित प्रती याच कागदावर लिहिल्या जात. खुलताबादच्या फोटोंसाठी त्याच रस्त्यावरचा कागद वापरायचा, हे माझं पहिल्या दिवसापासून पक्कं होतं.

हा कागद निळ्या छपाईला सरळ हाताशी लागत नाही. तो रसायन पिऊन टाकतो आणि चित्र वर राहण्याऐवजी आत उतरतं. त्याला खळ द्यावी लागते. बहुतेक जण जिलेटिन सुचवतात. बाजारातलं जिलेटिन कोणत्या जनावराचं हे पाकिटावर कळत नाही, आणि या वहीत मला ती शंका नको होती. म्हणून आरारूटची पातळ खळ शिजवली, रुंद ब्रशने दोन्ही बाजूंनी लावली, दोरीवर वाळवली आणि गुळगुळीत गोट्याने घोटून काढली. आपल्याकडचे जुने कागदही पिठाची खळ देऊन असेच घोटायचे. घोटल्यावर हात फिरवला की फरक लगेच कळतो, आणि छपाईत काळोखी भाग दाट येतात. ज्यांना जिलेटिन चालतं त्यांनीही आरारूट करून पाहावं, मला त्याचा पोत जास्त आवडला.

दुसरी गोष्ट पाण्याची. इकडचं बोअरचं पाणी जड असतं, आणि क्षार निळ्याला खातात. पहिल्या धुण्यात चिमूटभर लिंबूसत्व टाकते, पुढची धुणी साध्या पाण्याने. रसायनाचं प्रमाण नेहमीचंच: फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइडचे वेगवेगळे द्राव करून समसमान. जॉन हर्शेलने 1842 मध्ये ही पद्धत काढली, तेव्हापासून त्यात मूळचं फारसं काही बदललेलं नाही. निगेटिव्ह पारदर्शक शीटवर इंकजेटने छापते, वर काच, आणि गच्चीवरचं ऊन. एप्रिलच्या दुपारी काम फार भराभर होतं, पावसाळ्यात मात्र वाट बघत बसावं लागतं.

आता ज्या पानावर मी सर्वांत जास्त रमले, त्याबद्दल. विजापूरच्या चिश्ती सूफींच्या परंपरेत चक्कीनामे नावाची गाणी आहेत, बायकांनी दळताना म्हणायची. आपल्या जात्यावरच्या ओव्यांची ही दखनी बहीण. त्यांतल्या एका चक्कीनाम्यात जातं म्हणजे आपला देह. जात्याचा खुंटा म्हणजे अलिफ, अरबी लिपीतलं उभ्या रेघेसारखं पहिलं अक्षर, आणि अलिफ म्हणजे अल्लाह. मधली खीळ म्हणजे मुहम्मद. आणि पुन्हा पुन्हा येणारं पालुपद: या बिस्मिल्लाह, हू हू अल्लाह. ज्या बाईला मदरशात जायला मिळालं नाही, अक्षर वाचता आलं नाही, तिच्या मुठीत दररोज पहाटे एक अक्षर उभं होतं. धर्म शिकवायची याहून चांगली जागा कुणी शोधली असेल असं मला वाटत नाही.

खालाच्या, म्हणजे मावशीच्या घरी जातं अजून वापरात आहे. डाळ भरडायला तेच लागतं. दार पूर्वेला, त्यामुळे सकाळी उजेड तिरका येतो आणि जात्याच्या पाळीच्या कडेने साचलेलं पीठ उजळतं. खुंटा वरच्या टोकाला काळपट आणि खाली, जिथे मूठ बसते तिथे, तेल लावल्यासारखा चकाकतो. त्या चकाकीची लांबी बरोबर खालाच्या मुठीएवढी आहे. कॅमेरा जमिनीला टेकवून, खुंट्याच्या मध्याच्या उंचीवर ठेवला, म्हणजे तो फ्रेममध्ये सरळ उभा दिसतो. पण जातं फिरतं आहे, आणि मला अलिफ उभा हवा आणि दळण चाललेलंही दिसायला हवं. शटर फार वेगवान ठेवलं तर सगळंच थिजतं, जातं बंद असल्यासारखं दिसतं. फार संथ ठेवलं तर खुंट्याचा पट्टा होतो.

युक्ती अशी: खुंटा आपल्या अगदी समोर किंवा अगदी पलीकडे असतो तेव्हा तो आडवा सरकत असतो. डाव्या-उजव्या टोकाला मात्र तो आपल्याकडे येत असतो किंवा आपल्यापासून दूर जात असतो, म्हणून फ्रेममध्ये जवळजवळ जागच्या जागी राहतो. शटर 1/30 सेकंदाला ठेवून उजव्या टोकाला बटण दाबलं. खुंटा स्वच्छ आला, मुठीची नखंसुद्धा आली, आणि समोरची पाळी, खालाच्या बांगड्या, सांडणारा चुरा यांची रेघ झाली. हा फोटो छापून मग चहाच्या पाण्यात बुडवला. चहातल्या टॅनिनने निळा काळपट होतो. हे एकच पान वहीत निळं नाही, आणि ते तसंच राहणार आहे.

काहींनी सुचवलं होतं की चक्कीनाम्यासमोर औरंगाबादच्या पाणचक्कीचा फोटो ठेव. पाणचक्कीवर मीही जाऊन आले. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची ही अठराव्या शतकातली चक्की. दुरून मातीच्या नळांनी पाणी आणून त्या जोरावर फकिरांचं आणि यात्रेकरूंचं पीठ दळलं जायचं. भक्ती आणि यंत्रविद्या एकाच आवारात नांदतात, त्यामुळे जागा मला फार प्रिय आहे. पण तिथे खुंटा पाण्याच्या हाती आहे, मुठीच्या नाही. ओळ मुठीची आहे. पाणचक्कीचा फोटो वहीत आहे, पण त्याच्यासमोरचं डावं पान मी कोरं ठेवलं.

खुलताबादेत बहुतेक कॅमेरे औरंगजेबाच्या कबरीकडे वळतात. माझा हसन सिज्झींकडे वळला. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांच्या बैठकीत बसून त्यांचं बोलणं टिपून ठेवणारे हे कवी, अमीर खुसरोंचे स्नेही, आणि त्यांची कबर इथे दखनेत. जवळच गुलाम अली आझाद बिलग्रामी, अठराव्या शतकातले अरबी-फारसीचे कवी आणि पंडित. चारशे वर्षांहून जास्त अंतर असलेल्या दोन कवींना एका टेकडीने शेजारी केलं. तिथे सकाळी लवकर गेलं तर कुणी नसतं. बुऱ्हानुद्दीन गरीब आणि जैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्यांत गर्दी असते. तिथे मुजावरांना, म्हणजे दर्ग्याची देखभाल करणाऱ्यांना, आधी सलाम करून, काय करते आहे ते सांगून, मगच कॅमेरा बाहेर काढते. फ्लॅश कधीच नाही. पांढऱ्या चुन्याच्या भिंतीमुळे मीटर फसतो आणि सगळं करडं येतं, म्हणून एक स्टॉप वर, म्हणजे दुप्पट उजेड घेऊन, ठेवते.

संदलच्या, म्हणजे कबरीला चंदन चढवण्याच्या रात्री मात्र वेगळंच काम. ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडीच्या माळा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, कारण आपली वीज पन्नास हर्ट्‌झची. शटर 1/50 किंवा 1/100 ठेवलं तर फोटोवर आडवे पट्टे येत नाहीत. ऊद-लोबानचा धूर दारातून बाहेर पडतो त्या क्षणी पुढची माणसं त्यात बुडतात. खांदे दिसतात, टोप्या दिसतात, चेहरे जातात. निळ्या छपाईत धूर म्हणजे निव्वळ कोरा कागद, कागजीपुऱ्याच्या कागदाचा स्वतःचा पिवळसर रंग. त्याच्यासमोर सिराज औरंगाबादींचा शेर:

ख़बर-ए-तहय्युर-ए-इश्क़ सुन, न जुनूँ रहा न परी रही
न तो तू रहा न तो मैं रहा, जो रही सो बे-ख़बरी रही

सिराज औरंगाबादेतच जगले आणि तिथेच गेले. हा शेर कव्वालीत इतका ऐकलेला असतो की कानाला सवय होते. बोरूने सावकाश लिहिताना तो पुन्हा नवा झाला. उर्दू नस्तालिक आणि देवनागरी दोन्हींत लिहिला आहे. दोन्ही लिप्यांसाठी बोरूचा काप वेगळा तासावा लागतो, तेव्हा दोन बोरू ठेवा, एकच पुन्हा पुन्हा तासत बसू नका.

एक निर्णय खास नोंदवते, कारण तो तंत्राचाही आहे आणि श्रद्धेचाही. वहीत कुराणातली एकही आयत नाही, आणि जिथे आयत किंवा अल्लाहचं नाव भिंतीवर कोरलेलं आहे तो भाग मी फ्रेमबाहेर ठेवते. आपल्या या छंदात कचरा किती होतो ते तुम्हाला माहीत आहे. चाचणीच्या पट्ट्या, फिकी पानं, चुरगळलेली निगेटिव्ह, धुण्याचं पाणी. पाक नाव असलेला कागद केरात जाऊ शकत नाही. तो गोळा करून वाहत्या पाण्यात किंवा जमिनीत थंड करावा, म्हणजे मानाने सोपवावा लागतो. मुंबईला हाजी अलीच्या दर्ग्यात छतावर रंगीत काचांच्या तुकड्यांत अल्लाहची नव्व्याण्णव नावं आहेत. इतकं देखणं छत मी दुसरं पाहिलं नाही. तिथे मी कॅमेरा पिशवीत ठेवला आणि वर बघत उभी राहिले. वहीत हाजी अली आहे तो भरतीच्या वेळी पाण्याखाली जाणाऱ्या रस्त्याचा, काठावर थांबलेल्या लोकांच्या पाठींसकट. त्याला अजून ओळ मिळालेली नाही.

फोटो काढणं मुळात चालतं का, हे मला घरातूनही विचारतात. यावर उलेमांमध्ये, म्हणजे धर्मपंडितांमध्ये, वाद होत आले आहेत आणि तो वाद मी इथे सोडवणार नाही. पण आपल्या छंदाचा या श्रद्धेशी संबंध जुना आहे. इजिप्तच्या सैन्यातले मोजणी अधिकारी मुहम्मद सादिक बे यांनी 1861 मध्ये मदिनेचे पहिले फोटो काढले आणि 1880 च्या सुमारास मक्केचे. ओल्या काचेचा तो जमाना. काचेवर लेप लावायचा आणि तो वाळायच्या आत फोटो घेऊन धुवायचाही, मक्का-मदिनेच्या हिजाज प्रदेशातल्या उन्हात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या एच. ए. मिर्झा अँड सन्स यांनी मक्का-मदिनेचे फोटो काढून विकले. हजला जाणं ज्यांच्या आवाक्यात नव्हतं त्यांच्या भिंतीवर काबा पोहोचला तो अशा फोटोंमुळे. आमच्या बैठकीतली मक्का-मदिनेची तसबीर त्याच वाटेने आलेली आहे, आणि तिच्याकडे बघत मी लहानाची मोठी झाले.

शेख महंमदांच्या पानाबद्दल मतं हवी आहेत. श्रीगोंद्याचे हे सतराव्या शतकातले मुसलमान संतकवी, चांद बोधल्यांचे शिष्य. परंपरा सांगते की एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामीही चांद बोधल्यांचेच. शेख महंमदांचा अभंग सगळ्यांना पाठ असतो:

ऐसें केलें या गोपाळें । नाहीं सोवळें ओवळें ॥
कांटे केतकीच्या झाडा । आंत जन्मला केवडा ॥

केवड्याचा किंवा अभंगात पुढे येणाऱ्या फणसाचा फोटो लावणं म्हणजे ओळीचं चित्र काढून देणं, ते मला करायचं नाही. मी तिच्यासमोर वजूचा, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याचा हौद ठेवला आहे. मगरिबच्या, सूर्यास्ताच्या नमाजाच्या आधीची वेळ, दगडी काठावर ओळीने कोपरं, वेगवेगळ्या बाह्या वर सरकवलेल्या, कुणाची इस्त्रीची, कुणाची गॅरेजच्या ग्रीसची, आणि कोपरावरून एकाच पाण्यात परत पडणारे थेंब. ओळ म्हणते सोवळं-ओवळं नाही, फोटो तर शुद्ध होण्याचा आहे. समोरासमोर ठेवले की दोघं एकमेकांशी बोलू लागतात, थोडं भांडतातही. मला ते पान तसंच हवं आहे. एका जाणकार मित्राचं म्हणणं असं की इथे अर्थ उलटा लागेल. तुम्हाला काय वाटतं, मोकळेपणाने सांगा.

पुढचं काम मोहरमचं. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे उंच ताबूत आणि त्यांच्या भेटी टिपायच्या आहेत. तिथे ताबुताचे वरचे मजले आधी बांधतात आणि खालचे नंतर, आधी कळस मग पाया. हिंदू घराण्यांनाही मान आहेत. मला ताबूत उभा झाल्यावरची गर्दी नको, बांधणीचे दिवस हवे आहेत: बांबू, सुतळी, रंगीत कागद आणि ते चिकटवणारे हात. बांधणीच्या जागी उजेड कसा असतो, 35 ची लेन्स पुरते की आणखी रुंद लागेल, आणि परवानगीसाठी आधी कुणाशी बोलायचं, हे तिथे फोटो काढलेल्यांनी कळवावं. दक्षिण महाराष्ट्रात मोहरमला मराठीत रिवायती गातात. त्या कुणाच्या घरी वहीत उतरवलेल्या असतील तर त्याही वाचायला आवडतील. आरारूटच्या खळीचं प्रमाण पुढच्या नोंदीत फोटोसकट टाकते.